खाली म्हणायचं नाही

वैरागडे मॅडमच्या गॅरेजात एक शब्द बंद होता. शिवी नव्हे. शिव्या त्या स्वतःच द्यायच्या, हातातून स्क्रू निसटला की, आणि त्याही इंग्रजीत. बंद होता तो 'खाली' हा शब्द. गॅरेजच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं, 'खाली म्हणायचं नाही'. त्या ओळीच्या पायाशी (बघा, मीही अजून तो शब्द टाळते) माझ्या मुलीनं, रूपानं, हिंदीत भर घातली होती, 'जो बोलेगा वो चाय बनाएगा'. दूधवाला, मीटर बघणारा, जो येईल तो ते वाचून आधी दाराकडे बघायचा, मग मॅडमकडे.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. चंडीगडच्या मेडिकल कॉलेजात मुलांना हाडं शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर इथंच राहिल्या, कारण, त्या म्हणायच्या, "नागपूरचा उन्हाळा मी पुरेसा पाहिला बाप्पा." मी कराडकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि ह्यांच्या केंद्र सरकारी नोकरीमागं फिरत फिरत चंडीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडले. मराठी माणूस भेटायचा तो मंडळाच्या कार्यक्रमात. तिथंही सगळ्या डॉक्टरांच्या नाहीतर प्राध्यापकांच्या बायका. मी कोपऱ्यात, हातातली पिशवी घट्ट धरून.

मॅडम पहिल्यांदा दिसल्या त्या अशाच एका हळदीकुंकवाला. थंडी अशी की बायकांच्या पैठण्या शालींच्या आत गेल्या होत्या. रूपाचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. ऑपरेशन होऊन प्लास्टर नुकतंच निघालं होतं. येणारी प्रत्येक बाई रूपाच्या गालाला हात लावायची, फ्रॉक छान आहे म्हणायची आणि पायाकडे न बघण्याची पराकाष्ठा करायची. मॅडमनी तिळगूळ तोंडात टाकला आणि सरळ जमिनीवर बसल्या. चांगली साडी, गुडघे दुखणारी बाई, आणि फतकल मारून रूपाचा पाय मांडीवर घेतला.

"कोणी केला गं हा?"

मला कळलंच नाही. "पाय?"

"ऑपरेशन गं! पाय तर तूच केला."

बायका हसल्या. मी दवाखान्याचं नाव सांगितलं. "झकास केलाय," त्या म्हणाल्या, आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवत एकेका हाडाचं नाव घेऊ लागल्या, जणू माहेरच्या माणसांची ओळख करून देत होत्या. मग बूट मागितला. दुकानातून आणलेला, आत कापसाची गादी कोंबलेला. त्यांनी त्यात मनगटापर्यंत हात घातला, डोळे मिटले, आणि बूट माझ्या हातात परत दिला.

"ज्यानं हा शिवला त्यानं पाय पाह्यलाच नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टर जे म्हणाले होते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही अर्धंच. नीट मापाचा बूट लवकर मिळाला नाही तर पाय पुन्हा आत वळेल. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा प्लास्टर, आणि दुसऱ्या खेपेला इतकं सरळ होईलच असं नाही. मनीमाजऱ्यात मोहनलालजी म्हणून एक मोची होते. ते म्हणाले होते, "बहनजी, जूता मेरी ज़िम्मेदारी. पर बच्ची के पैर का फर्मा लाओ. हवा पे चमड़ा कैसे चढ़ाऊँ?" फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, ज्याच्यावर बूट शिवतात. सुताराकडे गेले तर तो म्हणाला, "मैं खाट के पैर बनाता हूँ, आदमी के नहीं."

हे ऐकल्यावर मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की सगळी खोली वळून बघू लागली. "उद्या ये," म्हणाल्या. "माझ्याकडे खाटेचा पाय पण आहे आणि मशीन पण."

ते मशीन म्हणजे त्यांच्या गॅरेजातलं बिऱ्हाड. गाडी त्यांनी कधीच विकली होती. गाडीच्या जागी टेबल, टेबलावर लोखंडी पट्ट्यांचा एक चौकोनी सांगाडा, आणि त्याच्यात उभी लटकलेली सुताराची लहान मोटर. तिच्या तोंडात बिट लावायचं, म्हणजे लाकूड कोरणारं टोक. मोटर पुढंमागं, डावीउजवी सरकवायला आणि चढवायला-उतरवायला भंगारातल्या प्रिंटरांमधून काढलेल्या मोटरी. आणि हे सगळं चालवायला कुणीतरी टाकून दिलेला, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. इंटरनेटच्या दुकानात कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून त्यांनी परदेशातल्या हौशी लोकांचं वाचून वाचून ते बनवलं होतं. मशीनच्या प्रत्येक भागाला हाडाचं नाव. मोटर धरणारा खांब म्हणजे कणा. खुटखुट आवाज करणारा सांधा म्हणजे गुडघा. "माझ्यासारखाच," म्हणायच्या.

एवढी खटपट कशासाठी, ते मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. चहाचा कप त्यांनी बशीसकट उचलला आणि बशी वाजायला लागली. त्यांनी कप ठेवून दिला. माझी नजर त्यांनी पकडली होती.

"पाहून घे नीट," त्या म्हणाल्या. "मशीनही कापतं आणि माझा हातही कापतो. फरक एवढाच की हातानं आता लाकूड कापत नाही."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, हसवायचं. मी हसले नाही तर रागावल्या. पुढं कधीही बशी वाजली की मी हसायला शिकले.

रूपाच्या पायाचा त्यांनी आधी प्लास्टरचा ठसा घेतला. त्यातून पांढराशुभ्र पाय निघाला, अगदी रूपाचाच, अंगठ्याच्या वळणासकट. मग तो करवतीनं मुळ्याच्या चकत्या कराव्यात तसा कापला. रूपा भोकाड पसरून रडली. "मेरा पैर काट दिया!" मॅडमनी एकेक चकती आलेखाच्या कागदावर ठेवून तिच्या कडेनं पेन्सिल फिरवून घेतली, तीही रूपाच्याच हातानं. रडं आपोआप थांबलं. त्या रेघांवरून मॅडम आकडे काढत आणि कॉम्प्युटरला देत. बरेच दिवस गेले त्यात. डॉक्टरांचं 'लवकर' माझ्या डोक्यात घड्याळासारखं वाजत होतं, पण विचारायची छाती नव्हती. फुकट काम करणाऱ्या माणसाला घाई कशी करायची? मी निघताना त्यांची भाजी निवडून ठेवायची, भांडी घासायला गेले की ओरडा खायची.

लाकूड निघालं ते मॅडमच्या पलंगाचं. आजोबांच्या वेळचा, बल्लारशाच्या सागाचा पलंग, नागपूरहून बरोबर आणलेला. पाय चांगले जाडजूड चौकोनी. मी नको नको म्हणत असताना त्यांनी एका कोपऱ्याला विटा लावल्या आणि पाय काढून घेतला. "इतकं वाळलेलं लाकूड तुला चंडीगडात कोणी देईल का? ओलं लाकूड वाळताना आक्रसते. मग तुझ्या पोरीचा बूट चावेल."

आता कामाची खरी अवघड जागा सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. आधी जाड बिट लावून जास्तीचं लाकूड काढायचं. मग ते काढून बारीक, गोल टोकाचं बिट लावायचं, पायाची वळणं उतरवायला. बिट बदललं की लांबी बदलते. एक बोटाच्या पेराएवढं बाहेर असेल तर दुसरं बोटभर. पण मशीनला ते दिसत नाही. जुन्याच बिटाच्या हिशेबानं ते उतरत राहतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर टोक नेमकं कुठं आहे ते त्याला सांगायचं, शून्य द्यायचं. मॅडमनी लाकडाशेजारी फळीवर एक काचपट्टी चिकटवली होती, सूक्ष्मदर्शकाला लावतात तसली. तिच्यावर पतंगाच्या कागदाची चिंधोटी ठेवायची. मॅडम कॉम्प्युटरची कळ दाबत टोक केसाकेसानं उतरवणार, आणि मी कागद सारखा मागंपुढं सरकवत राहणार. मोकळा सरकतोय तोवर टोक वर. जिथं कागद अडला, ओढून धरल्यासारखा झाला, तिथं शून्य. एक कळ जास्त दाबली तर काच तडकणार.

हे बोटांचं काम मॅडमचं राहिलं नव्हतं. त्यांच्या हातात कागद आपोआपच थरथरायचा. अडला की हलला, कळायचं नाही. म्हणून मी.

"घाबरून राहिली का?"

"व्हय."

"चांगलं आहे. जो घाबरत नाही त्याला मी कागद देत नाही."

पहिल्या दिवशी जाड बिटाचं काम झालं. गॅरेजभर सागाचा वास, आणि लाकडातून आंधळा, बोटं नसलेला पाय वर आलेला. मग मॅडमनी पाना घेऊन बिट बदललं, मला म्हणाल्या, "तू टोक काचेजवळ आणून ठेव, कळ दाखवली नं तुला, मी आलेच." फाटकाशी दूधवाला ओरडत होता. मी एकेक कळ दाबत टोक उतरवलं. आता फक्त कागद लावायचा राहिला. श्वास घेतलेला सोडलासुद्धा नव्हता.

मॅडम परत आल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या. मशीनची त्यांच्याकडे पाठ. तिथूनच विचारलं, "खाली?"

मी म्हणाले, "हो, खाली."

त्यांनी चालू केलं.

आवाज मी अजून विसरलेले नाही. लाकडाचा नव्हता तो, दातांवर दात घासल्यासारखा. नवं बिट शून्य न घेताच लाकडात घुसलं, टाच आडवी फाडत गेलं आणि टचकन मोडलं. तुकडा पत्र्यावर आपटला. मॅडमनी बटण बंद केलं. मोटर हळूहळू गप्प झाली. फर्म्याची टाच उघडी पडली होती, खोबणीत बोट जाईल एवढी.

त्यांनी मोडलेला तुकडा उचलून टेबलावर ठेवला.  माझ्या मनात एकदम सगळंच संपलं. पलंगाचा पाय गेला, बिट गेलं, इतक्या दिवसांचे आकडे गेले, आता ही बाई फाटक उघडणार आणि आम्ही मायलेकी बसमध्ये बसणार. मी पिशवी शोधायला लागले. सापडेना, कारण ती माझ्याच खांद्याला होती.

"शून्य घेतलं का, ते मी विचारलंच नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "मी विचारलं, जागा रिकामी आहे का. वाटलं, कागद लावून शून्यही तूच घेतलं, म्हणून हात काढला का एवढंच विचारलं. तू हो म्हणाली."

"तुम्ही खाली विचारलंत. टोक खाली आणलं होतं की मी. म्हणून हो म्हणाले."

 गॅरेजच्या पायरीवर बसलेली रूपा, मराठी सगळं समजणारी पण तोंड उघडलं की हिंदीच, वैतागून म्हणाली, "अरे, मम्मी का खाली मतलब नीचे. मॅडमजी का खाली मतलब खाली! जैसे बस में सीट खाली."

मॅडमनी कपाळावर हात मारला. कॉलेजात इतकी वर्षं वर्गाआधी शिपायाला हाक मारून विचारायच्या, "टेबल खाली?" ते टेबल कसलं हे मी विचारलं नाही. नागपूरच्या मराठीतही हा शब्द दोन्हीकडून चालतो म्हणे. "म्हणजे बाप्पा, आपण दोघी मराठीच बोलून राहिलो होतो," त्या म्हणाल्या, "आणि तरी पोरीनं अनुवाद केला." त्या हसायला लागल्या. मला हसू येईना. मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, आणि तेवढ्यात खडू शोधून दारावर ती ओळ लिहिली. अक्षर वेडंवाकडं, हात कापत होता म्हणून.

मग शब्द वाटून घेतले. जागा मोकळी असेल तर 'रिकामं'. कागद अडला तर काय म्हणायचं? मी म्हणाले, आमच्याकडं 'टेकलं' म्हणतात. बादली जमिनीला टेकली, तसं. मॅडमनी तोंडात घोळवून बघितलं. "टेकलं. छान आहे. ह्याचे दोन अर्थ होत नाहीत नं?" दोघी थोडा वेळ विचार करत बसलो. होत नाहीत, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पलंगाच्या दुसऱ्या कोपऱ्याला विटा लागल्या.

"मॅडम, नको. तुम्ही झोपणार कशा?"

"आडवी. सगळे झोपतात तशी." मग पान्याकडे बघत, "शालन, तू काल पळून जाऊन राहिली होती नं? पिशवी घेऊन?"

मी खांद्यावरची पिशवी काढून टेबलाशी ठेवली.

"तू गेली असती तर कागद कोणी धरला असता? मला तुझी बोटं पाहिजेत. उपकार-बिपकार घरी ठेवून येत जा."

जाड बिटाचं काम पुन्हा झालं. पुन्हा आंधळा पाय वर आला. पुन्हा पाना. पतंगाचा गुलाबी कागद मी बोटांत धरला. कालपासून मी घरी वर्तमानपत्राचा कपटा पाटाच्या बुडाशी धरून ओढत बसले होते. रूपा म्हणाली होती, मम्मी पागल हो गई. आता खरा कागद, खरी काच. मॅडमनी कळ दाबली. एक केस. मोकळा. आणखी. मोकळा. बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला आणि माझी बोटं दचकली.

"थांबा."

त्या थांबल्या. रूपा पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचा उघडा डावा पाय मला दिसत होता. मी बघायचं बंद केलं.

"चला."

एक केस. मोकळा. एक केस. कागद हलला, पण कुणीतरी पलीकडून हलकेच धरल्यासारखा.

"टेकलं," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, "टेकलं!"

"नक्की?"

"तुम्ही बघा."

"मी काय पाहू? माझ्या हातात भूकंप आहे. तू सांग."

"टेकलं, मॅडम."

त्यांनी तरी टोक वर नेलं आणि पुन्हा उतरवायला लावलं. पुन्हा तिथंच अडला. मग शून्य दिलं, उठून स्वतः मशीनपाशी आल्या, वाकून बघितलं आणि मोठ्यानं, शाळेतल्यासारखं म्हणाल्या, "हात?" मी म्हणाले, "रिकामं." "पाना?" "रिकामं." "कागद?" "रिकामं." तेव्हा कुठं बटण दाबलं.

ती दुपार फार लांब होती. टोक फिरत राहिलं आणि आंधळ्या पायाला एकेक वळण येत गेलं, टाच, कमान, अंगठा. प्रत्येक वेळी टोक टाचेकडे आलं की मॅडमचा हात बंद करायच्या बटणावर जायचा. मी श्वास धरायची. काही बोलायची सोय नव्हती. मशीन थांबलं तेव्हा आम्हाला कळलंच नाही की ते काम संपवून थांबलंय. दोघींना वाटलं, बिघडलं. रूपाच लंगडत आत आली, लाकडाच्या पायावरचा भुसा फुंकला, आणि आपला पाय त्याच्या शेजारी ठेवला.

"सेम," ती म्हणाली.

मॅडमनी चहा केला. नियमात नसताना.

मोहनलालजींनी फर्मा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. विचारलं, "किसने बनाया?" मी म्हणाले, "डॉक्टरनी जी ने, अपने पलंग से." त्यांना ते कळलं नाही, पण बूट त्यांनी जिम्मेदारीनं शिवला. रूपा तो घालून मनीमाजऱ्याच्या गल्लीतून चालली तेव्हा मी मुद्दाम मागं राहिले, आवाज ऐकायला. एक पाऊल आणि दुसरं पाऊल, सारखंच वाजत होतं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला पाय बघितला, बूट बघितला आणि नुसतं 'चालू ठेवा' म्हणाले. मला ते दोन शब्द पुरले.

मुलीचा पाय वाढतो. दोनेक वर्षांनी मॅडमनी तेच आकडे थोडे वाढवून दुसरा फर्मा काढला. पलंगाचा तिसरा पाय गेला. त्या वेळी त्यांना बिट बसवणंही जमेना, पाना माझ्या हातात आला. त्या खुर्चीवरून फक्त विचारायच्या, "टेकलं का गं?" पाहुण्यांना पलंग दाखवून सांगायच्या, "हा एका पायावर उभा आहे, बाकीचे पाय मनीमाजऱ्यात फिरून राहिलेत."

मग नागपूरहून पुतण्या न्यायला आला. मशीन एका शिकवणाऱ्या संस्थेला दिलं, पलंग कुणी घेईना. स्टेशनवर मी आणि रूपा गेलो होतो. मॅडमना डब्यात चढवायचं म्हणजे मोठं काम. पुतण्यानं वरून हात धरले, मी मागून कंबर. पाय पायरी शोधत थरथरत होता. मी वाकून त्यांचा पाय धरला, पायरीवर ठेवला आणि थांबले. वरून आवाज आला, "टेकलं?"

"टेकलं."

मग त्यांनी भार टाकला.

खिडकीशी त्या बसल्या. आम्ही फलाटावर, गजांपाशी. तेवढ्यात पिशव्या घेतलेला एक सरदारजी डब्यात आला आणि त्यांच्या शेजारच्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "माताजी, ये खाली है?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात उचलून बोट नाचवलं. नाचवायची गरज नव्हती, ते आपलं आपणच नाचत होतं.

"चाय पिलानी पड़ेगी, सरदारजी," त्या म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही, पण तो हसला आणि चहावाल्याला हाक मारायला खिडकीकडे वाकला. गाडी हलली. रूपा गाडीबरोबर चालायला लागली, मग भराभर, फलाटाच्या टोकापर्यंत. मॅडम हात हलवत नव्हत्या. मान वाकवून, खिडकीच्या गजांतून, तिच्या पायांकडे बघत होत्या.